बळदाच्या झाकणापाशी कोण बसलं होतं?

ताई, नमस्कार.

मी ४४ वर्षांची आहे. पंचवटीत वाढले, आता इंदिरानगरला राहते, एका कंपनीत हिशेब बघते. गेली सहा वर्षं पहाटे उठून एक कादंबरी लिहिली. डार्क फँटसी म्हणतात तशी. जुन्या नाशकातली तीन मुलं, रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी उघडलेली रहाड आणि तिच्या तळाशी राहणारा एक जीव, जो मुलांच्या आठवणी खाऊन जगतो. तिघांतल्या मुलाला तो गिळतो आणि उरलेल्या दोघींच्या डोक्यातून त्याचं नावसुद्धा पुसून टाकतो. मोठेपणी त्या दोघी त्याला शोधायला परत येतात.

मूळ घटना खरी आहे. १९९२ मध्ये, आम्ही अकरा वर्षांचे असताना, आमच्या गल्लीतल्या एका वाड्याच्या बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या जुन्या कोठारात, लपाछपी खेळताना आमचा मित्र अडकला. वरचं लाकडी झाकण पडलं, कडी बसली, आमच्याने निघेना. मोठी माणसं सगळी रहाडीपाशी. मी आणि माझी मैत्रीण झाकणापाशी बसून त्याच्याशी बोलत राहिलो. अंधार पडल्यावर कुणीतरी येऊन त्याला काढलं. त्याच उन्हाळ्यात त्याच्या वडिलांची बदली झाली, पुन्हा भेट नाही. ही गोष्ट मी माझ्या मुलीला ती लहान असल्यापासून झोपताना सांगत आलेय.

मैत्रिणीला हस्तलिखित वाचायला दिलं. चार दिवसांनी तिने ते परत आणून दिलं आणि दारातच म्हणाली, "तू तिथे नव्हतीस. 'आईला बोलावून आणते' म्हणून गेलीस आणि आली नाहीस. तीन तास मी एकटी होते." तेव्हापासून ती फोन उचलत नाही. ताई, मला झाकणाच्या फटीतून येणारा त्याचा आवाज आठवतो. माझी आठवण खोटी कशी असेल? आणि असली तरी ही कादंबरी आहे. ती अडवण्याचा हक्क तिला आहे का? प्रकाशकांना दिवाळीपर्यंत संहिता हवी आहे. मुलगी बारा वर्षांची आहे, तिलाही वाचायची आहे. सोबत पहिली तीन प्रकरणं पाठवतेय.

– एक वाचक, नाशिक

प्रिय मैत्रिणी,

तीन प्रकरणं दोनदा वाचली. दुसऱ्यांदा रात्री वाचत होते, आणि मध्येच उठून मागच्या खोलीतला दिवा लावून आले. हे आधी सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकताना तुम्हाला वाटेल की मला तुमची कादंबरी आवडली नाही. खूप आवडली. म्हणूनच एवढं लांब लिहिते आहे.

रहाडीचं प्रकरण वाचताना मला आनंद झाला. नाशिकबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं: रहाड म्हणजे जमिनीखालचा दगडी हौद. पेशवेकाळापासूनच्या काही रहाडी जुन्या नाशकात आणि पंचवटीत अजून आहेत. वर्षभर त्या बुजवलेल्या असतात. वर लाकडी ओंडके, त्यावर माती, आणि त्यावरून रिक्षा, हातगाड्या, शाळेत जाणारी पोरं. खाली काय आहे हे नव्या माणसाला कळणारही नाही. रंगपंचमी आली की माती उपसतात, हौद धुतात, पूजा करतात, कढवलेला रंग ओततात, आणि मग माणसं त्यात धप्पा मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिवंधा चौकातली पिवळी, शनी चौकातली गुलाबी. ज्या गावात रस्त्याखाली असा हौद वर्षभर झाकून ठेवतात आणि एका दिवसापुरता उघडतात, त्या गावच्या लेखिकेला धुक्यातले किल्ले आणि काळे झगे घातलेले जादूगार उसने आणायची गरजच नाही, हे तुम्ही ओळखलंत. तुमच्या गोष्टीतला जीव मातीच्या वासाचा आहे, तो मराठीत बोलतो आणि पाण्यातल्या साती आसरांना घाबरतो. मला ते फार पटलं.

एकच तक्रार. तिसऱ्या प्रकरणात तो जीव श्रावणात वर येतो, दिवाळीत वर येतो, कधीही येतो, आणि तिथून माझी भीती कमी होत गेली. रहाडीला जो नियम आहे तोच त्याला लावा. एक दिवस उघडी, बाकी वर्षभर पायांखाली. वर्षभर तो खाली आहे हे माहीत असताना त्या ओंडक्यांवरून दूध आणायला जाणारी मुलगी दाखवा. तेवढं पुरे.

पण हे विचारायला तुम्ही पत्र लिहिलेलं नाही.

आता पान ३१ काढा. दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटाकडे, मित्र गिळला गेल्यानंतरच्या रात्रीचं वर्णन संपता संपता एक वाक्य आहे: "त्या संध्याकाळी घरी शेवयांची खीर होती आणि ती मला गोड लागली नाही." त्याच्या आधी खिरीचा उल्लेख नाही, नंतरही नाही. वाक्य सुटं आहे. कादंबरीतली मुलगी त्या संध्याकाळी घरी जातच नाही, ती रात्र होईपर्यंत रहाडीच्या काठावर असते. आणि पत्रात सांगितलेल्या घटनेत तुम्हीही झाकणापाशी आहात. मग खीर कुणी खाल्ली? कधी?

हा काही पुरावा नव्हे. खीर दुसऱ्या एखाद्या संध्याकाळची असेल, लिहिताना इथे येऊन चिकटली असेल. पण इतकी वर्षं लोकांची पत्रं आणि हस्तलिखितं वाचते आहे, आणि ज्या वाक्याचं मागच्यापुढच्याशी नातं नसतं तरी लेखकाला ते काढवत नाही, तिथे मी थांबते. तुमच्या हाताला काहीतरी माहीत होतं. डोक्याला ते माहीत नव्हतं, किंवा नको होतं.

तुमचा पहिला प्रश्न हाच आहे, की इतकी स्वच्छ आठवण खोटी कशी असेल. स्वच्छ आहे म्हणून ती खरी, असं धरून चालू नका. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्यांचे प्रयोग दिले आहेत. उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुताखेतांची गोष्ट त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला दिली आणि नंतर काही काळाने पुन्हा पुन्हा आठवून लिहायला लावली. दर वेळी गोष्ट थोडी बदलली. जे परकं होतं, समजत नव्हतं, ते गळून गेलं. आदिवासींची लाकडी डोंगी जाऊन तिथे साधी बोट आली. सांगणाऱ्यांपैकी कुणी खोटं बोलत नव्हतं. आठवण पेटीतून काढून पुन्हा पेटीत ठेवता येत नाही, ती दर खेपेला नव्याने रचावी लागते, आणि रचताना आपल्याला जे सोसतं ते हाताला लागतं. तुम्ही हीच गोष्ट बारा वर्षं लेकीच्या उशाशी बसून सांगितलीत. आई पळून गेली, ही गोष्ट कुठली आई लेकराला झोपवताना सांगेल? पहिल्यांदा सांगताना "आम्ही बसलो" म्हणाला असाल. दहाव्यांदा सांगताना तुमच्या मांडीखाली वाड्याची फरशी गार लागत होती.

आणि त्याचा आवाज? २००१ मध्ये जुळ्या भावंडांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणीच्या एखाद्या प्रसंगाबद्दल दोघंही "हे माझ्या बाबतीत घडलं" असं ठामपणे सांगत होते. घडलेलं असतं एकाच्याच बाबतीत. जुळ्यांमध्ये असे वाद जास्त आढळले, पण साध्या भावंडांत आणि मित्रमैत्रिणींतही ते होते. ज्यांनी एकत्र दिवस काढले, एकमेकांना सगळं सांगितलं, त्यांच्या आठवणींची सरमिसळ होते. तो फटीतून काय बोलला, कसा बोलला, हे तुमच्या मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी तुम्हाला सांगितलं असणार. कदाचित महिनाभर सांगत राहिली असेल, कारण त्या वयात दुसरं कोण होतं तिला? तुम्ही तो आवाज खरंच ऐकला आहे. फक्त तो बळदातून आला की तिच्या तोंडून, हे आता तुम्हाला सांगता येणार नाही.

तिचीही आठवण काटेकोर असेल असं नाही. तीन तास म्हणजे कदाचित एकच तास असेल. अंधारात बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलीचा तास केवढा असतो, ते घड्याळाला विचारून उपयोग नाही. पण "तू नव्हतीस" ही वेळ मोजायची बाब नाही. शेजारची जागा रिकामी असणं माणूस असं चुकीचं आठवत नाही, निदान मला तसं वाटतं.

हे मी जरा जोर देऊन का सांगते आहे, त्यालाही कारण आहे. १९६९ च्या गोदावरीच्या पुरात मी पाच वर्षांची होते. माझ्याकडे त्या पुराचं एक चित्र होतं: तपकिरी पाणी, आणि त्यावर गोल गोल फिरत चाललेलं एक मोठं पितळी घंगाळ, भांडी बाजारातून वाहून आलेलं. ते घंगाळ मी आयुष्यभर सांगितलं. नदीवर लिहिलं तेव्हा त्यात घातलं, भाषणांत सांगितलं, आणि लोकांना ते आवडायचं. एका दिवाळीला करंज्या करताना माझी अक्का, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, सहज म्हणाली, "घंगाळ मी पाहिलं गं. तू तेव्हा सिन्नरला आजोळी होतीस. तुला मीच सांगितलं, तू परत आल्यावर." मी मानलं नाही. वाद घातला, आणि जिंकले, कारण बोलणं आणि लिहिणं हा माझाच प्रांत होता, तिचा नव्हता. ती "बरं" म्हणाली आणि सारण भरायला लागली. त्यानंतर अक्काने पुराचा विषय कधी काढला नाही. तिला गेल्याला आता काही वर्षं झाली. त्या पुरात तिने आणखी काय काय पाहिलं असेल, ते मला कुणीच सांगू शकत नाही. घंगाळ मी ठेवून घेतलं आणि बाकीचा पूर घालवला.

तुमची मैत्रीण अजून बोलते आहे. दारात उभं राहून का होईना, रागाने का होईना, तिने तीन वाक्यं सांगितली. माझ्या अक्काचं एक "बरं" होतं.

आता हक्काचं. ती तुमची कादंबरी अडवू शकते का, हा प्रश्न मला या जागी नकोच वाटतो. पात्रांची नावं बदललीत, वाडा पंचवटीतून जुन्या नाशकात नेलात, तिचे कुरळे केस सरळ केलेत, तरी तिचा राग जाणार नाही. आपण पात्र झालो म्हणून ती चिडलेली नाही. तिची संध्याकाळ तुम्ही घेतलीत. ती एकटी बसली होती, आणि तुमच्या कादंबरीत तिथे दोघी आहेत. तेहतीस वर्षं तिने ते एकटेपण कुणाला सांगितलं असेल की नाही, देव जाणे, आणि आता छापील पुस्तकात ते नाहीसं होणार. तिच्या जागी मी असते तर मीही फोन उचलला नसता.

त्या मुलाबद्दलही बोलायला हवं. आपल्याकडे मुंज झालेला आणि सोडमुंजीआधी मेलेला मुलगा मुंजा होतो म्हणतात, पिंपळावर राहतो, सोबत मागतो. तुमच्या दुसऱ्या प्रकरणातला गिळलेला मुलगा थेट त्या मुंजाच्या वळणाचा आहे, आणि भुताची ही जुनी कल्पना तुम्ही फार हळुवारपणे वापरली आहे. पण बळदात अडकलेला मुलगा मेला नव्हता. त्याला बाहेर काढलं. तो कुठेतरी आहे, तुमच्यासारखाच चव्वेचाळीस वर्षांचा, कदाचित डोक्यावरचे केस विरळ झालेला, कदाचित लिफ्टमध्ये शिरताना छातीत धडधडणारा. जिवंत मुलाचा तुम्ही मुंजा केलात. असं का करावंसं वाटलं असेल? माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. गेलेला मुलगा विचारत नाही, "तू कुठे गेली होतीस?"

इथे मला तुमच्या कादंबरीतला सगळ्यात मोठा दोष दिसतो, आणि तो लिखाणाचाच दोष आहे, नुसता माणुसकीचा नाही. तुमच्या जीवाने मुलीचं सगळं ओझं उचललं आहे. मुलगा गेला तो जीवाने गिळला म्हणून. नाव विसरलं ते जीवाने पुसलं म्हणून. मुली मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत निर्दोष. अशा गोष्टीतला अंधार वरवरचा राहतो. वाचक घाबरतो, पण दचकून आपल्या आत बघत नाही. लहानपणाचा खरा काळोख दात असलेल्या प्राण्यात फार थोडा असतो. तो असतो एका मुलीच्या घरी जाण्याच्या वाटेवर.

ती वाट तुम्ही लिहिलेलीच नाही. बघा ना: ती वाड्याच्या दिंडी दरवाज्यातून पळत निघाली आहे. आईला बोलवायला. मनात तेवढंच आहे, खोटं काही नाही. रस्त्यावर रहाडीची गर्दी, ढोल, कुणाचा तरी धक्का. मग मध्येच तिला आठवतं की बळदात जायचं नाही असं शंभरदा बजावलेलं आहे. पाय हळू होतात. घरी पोचते तेव्हा पाहुणे आलेले असतात, किंवा आई चुलीपाशी असते, किंवा वडील त्या दिवशी नेमके तापलेले असतात. आत्ता सांगू, मग सांगू. एक मिनिट जातं. आता सांगितलं तर "लगेच का नाही सांगितलंस" म्हणून ओरडा. दहा मिनिटं जातात. आता तर सांगताच येणार नाही. कुणीतरी पुढ्यात वाटी ठेवतं. वाटीत खीर आहे. ती चमचा उचलते.

अकरा वर्षांच्या मुलीचं हे वागणं क्रूर नाही. ते त्या वयाचं गणित आहे, आणि ज्याला लहानपण आठवतं त्याला ते पाठ असतं. मोठ्यांचा मार ही माहीत असलेली गोष्ट, मित्राचा जीव ही न माहीत असलेली. मूल माहीत असलेल्या भीतीला जास्त भितं. तुम्ही त्या मुलीला इतकी वर्षं झाकून ठेवलंत, वर ओंडके आणि माती, आणि रोज तिच्यावरून ये-जा केलीत. मला तिची माया वाटते. तुमच्या कादंबरीत मला तीच हवी आहे.

आणि आता तुमच्या जीवाकडे परत या, कारण तो कादंबरीतून जायला नको. तो आठवणी खातो, हा तुमचाच नियम. मग त्याने कुठली आठवण खाल्ली? सध्या तो मित्राचं नाव खातो. ते सोपं आहे. समजा, त्याने त्या मुलीशी सौदा केला असेल तर? "तू पळालीस, तेवढं मला दे. बदल्यात तुझ्या मैत्रिणीच्या शेजारची जागा घे. तू कायम तिथेच बसलेली असशील." आणि मुलीने हो म्हटलं असेल तर? ती मोठी होते, तिला स्वच्छ आठवतं की ती झाकणापाशी होती, तिचा जगावर काही राग नाही. फक्त मैत्रीण तिच्याशी नीट बोलत नाही, आणि का ते तिला कळत नाही. आणि खीर गोड लागत नाही. जीवाने सगळं खाल्लं, तेवढी एक खीर राहून गेली. मी ही कादंबरी एका बैठकीत वाचेन, आणि नंतर दोन दिवस कुणाशी बोलणार नाही.

पण ती लिहिण्याआधी मैत्रिणीकडे जायला हवं. परवानगी मागायला नव्हे, आणि माफीचं भाषण घेऊनही नव्हे. मोबाइलवर लांबलचक संदेश पाठवू नका; तो वाचून लोक उत्तर मनात तयार करतात आणि पाठवत नाहीत. दुपारी जा, घरातली माणसं बाहेर असतील अशी वेळ बघून, हातात काहीतरी घेऊन. हस्तलिखित नेऊ नका, वही तर मुळीच नाही. तिने दार उघडलं तर एवढंच म्हणा: "मला आठवत नाही. तुला काय आठवतं ते सांगशील?" आणि मग गप्प बसा. "पण मला तर" हे तीन शब्द आले की ओठ मिटा. ती काय म्हणाली ते पटलं नाही तरी तिथे वाद घालू नका. तुम्ही लिहिता, तिच्यापेक्षा चांगलं बोलता, वाद जिंकाल. मग माझ्यासारखं होईल.

ती सांगेल त्यातलं किती वापरायचं, हे नंतर, तिच्याशी बोलूनच. माझ्या मते त्या संध्याकाळचे तीन वाटे आहेत. झाकणापासून घरापर्यंतची वाट आणि घरातली संध्याकाळ तुमची, ती लिहायला कुणाला विचारायची गरज नाही. झाकणापाशी बसून काढलेला वेळ तिचा. झाकणाखालचा अंधार त्याचा. कादंबरीकार दुसऱ्याच्या वाट्यात शिरतो, शिरायलाच हवं, नाहीतर प्रत्येकाने फक्त आत्मचरित्र लिहावं लागेल. पण तिथे कल्पनेच्या हक्काने जा, "मी तिथे होते" या हक्काने नको. तुमच्या नायिकेला तिथे काय घडलं ते माहीत नसू दे. तिला ते कुणाच्या तरी तोंडून ऐकावं लागू दे, अर्धं, तुटक, उशिरा.

ती बोललीच नाही, दार लावून घेतलं, तर तिचा वाटा कादंबरीतून काढा. झाकणापाशी कोण होतं, हे कोरं राहू दे. पळालेल्या मुलीची कादंबरी तेवढ्यावरही उभी राहील, कदाचित जास्त ताठ उभी राहील. आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा जा.

मुलाचा पत्ता तिच्याकडे असेल असं मला वाटतं. स्वतःहून देत नाही तोवर मागू नका. समाजमाध्यमांवर त्याला हुडकू नका. तेहतीस वर्षांनी अचानक "तू बळदात अडकला होतास ना" असं कुणी लिहून पाठवलं तर त्या माणसावर काय गुदरेल, याचा विचार करा. त्याला कळवायचं की नाही, कधी, कसं, हे तीन तास त्याच्याशी बोलत राहिलेल्या मुलीला ठरवू द्या.

लेकीबद्दल थोडक्यात. बारा वर्षांची मुलं अंधाराच्या गोष्टी पचवतात, उलट गोड गोड लिहिलेलं त्यांना लबाडीचं वाटतं. तिला जरूर वाचायला द्या. पण पुस्तक हातात पडण्याआधी तुमच्या तोंडून तिला कळलं पाहिजे की झोपतानाच्या गोष्टीत आई जिथे बसलेली असायची, तिथे आई बहुतेक नव्हती. ती विचारेल, मग कुठे होतीस? तेव्हा खिरीचं सांगा.

प्रकाशकांना सांगा की दिवाळीपर्यंत होणार नाही. सहा वर्षं पहाटे उठलात, आणखी एक वर्ष उठाल. पुढच्या रंगपंचमीला रहाड उघडेल तेव्हा नुसतं काठावर उभं राहून माती उपसताना बघून या, वर्णनाला उपयोगी पडेल. पहिला ओंडका निघतो तेव्हा खालून जो दमट वास येतो, तो तुमच्या तीन प्रकरणांत अजून आलेला नाही.

आणि पान ३१ वरचं ते वाक्य. पुनर्लेखनात बाकी सगळं हललं तरी चालेल. संपादक म्हणतील सुटं आहे, काढा. ते काढू नका.

तुमची,
ताई